जुनी पिकअप, खारी हवा, लाल धूळ : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं जुन्या पिकअप गाड्यांची आहेत. गोव्यात या गाड्या धावून जितक्या झिजल्या नाहीत, तितक्या उभ्या राहून सडल्या. त्यामुळे इंजिनाचा प्रश्न असो की रंगाचा, उत्तर बहुतेक वेळा पाण्यापाशीच येतं: ते कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि बाहेर पडायला वाट आहे का.

भाटातल्या (बागायतीतल्या) शेडमध्ये आजोबांची १९५१ची शेव्हरोले ३१०० वीसेक वर्षं उभी आहे. इंजिन जाम आहे. मेस्त्री म्हणतात, टॉप गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढू, सुटेल. ओढावी का? (वाचक, डिचोली)

ओढू नका. जाम इंजिनात एक-दोन पिस्टन गंजाने सिलिंडरला धरलेले असतात. चाकांकडून एकदम जोर आला की रॉड वाकतो, नाहीतर पिस्टनची रिंग तुटून तिचा तुकडा सिलिंडरला चरे पाडतो. मग साध्या सोडवणुकीचं काम बोअरिंगवर (सिलिंडर आतून कापून मोठा करण्यावर) जातं.

तुमच्या गाडीत २१६ घनइंचांचं, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन असणार. आधी रेडिएटर आणि सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) रिकामे करा. सम्पचा नट हळूहळू सैल करा. तेलाआधी पाणी आलं तर सम्प उतरवूनच पुढे जायचं. मग सहाही प्लग काढा आणि रॉकर कव्हर उघडून रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) अख्खा उचलून बाजूला ठेवा. पुशरॉड (रॉकरना खालून ढकलणाऱ्या काड्या) एका पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच नुकसान होतं. पिस्टन सुटला तरी व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो आणि पहिल्याच फेरीत पुशरॉड वाकतो. रॉकर काढल्यावर ज्या व्हॉल्व्हची दांडी शेजाऱ्यांपेक्षा खाली दिसेल तो अडकलेला आहे. त्यावर डिझेल सोडा आणि लाकडी हातोडीने अगदी हलके ठोके देत राहा.

प्रत्येक सिलिंडरमध्ये ४० ते ५० मिली मिश्रण घाला: निम्मं डिझेल, निम्मं पॉवर स्टीअरिंगचं तेल. प्लगची भोकं बाजूला असल्याने सिरिंजला रबरी नळी लावून सोडणं सोपं पडतं. भोकांवर फडकं टाका, रोज थोडी भर घाला, निदान आठवडाभर थांबा.

फिरवताना पुढच्या पुलीला हात लावू नका. या इंजिनाची पुली क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) दाबून बसवलेली असते, पुढे बोल्ट नसतो, त्यामुळे पान्याला पकड मिळत नाही. सेल्फ (स्टार्टर मोटर) उतरवा आणि त्या जागेतून फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहार टेकवून मागे-पुढे, मागे-पुढे करा. एक दाता हलला तरी काम फत्ते समजा, पण लगेच एकाच दिशेला जोर लावू नका. आठवड्यानंतरही काहीच हललं नाही तर हेड उतरवा. कुठल्या सिलिंडरात गंजाचं कडं आहे ते डोळ्यांना दिसेल. जो पिस्टन मधल्या उंचीवर आहे त्याच्यावर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. अगदी वर किंवा अगदी तळाशी असलेल्या पिस्टनवर ठोकून उपयोग नाही, कारण तिथे रॉड सरळ रेषेत असतो आणि क्रँक फिरत नाही.

सुटलं म्हणून लगेच स्टार्टही करू नका. या इंजिनाच्या रॉडना सुटे बेअरिंग शेल नसतात, व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं. रॉडच्या तळाची छोटी पळी सम्पमधल्या पन्हळीतून तेल उचलते. वीस वर्षांचा चिखल त्या पन्हळीत बसला असेल तर पाच मिनिटांत व्हाइट मेटल जळेल. सम्प उतरवून पन्हळी, तेलाच्या नळ्या आणि पंपाची जाळी रॉकेलने धुवा. मग एसएई ३० ग्रेडचं तेल सुमारे पावणेपाच लिटर भरा. प्लग न लावता सेल्फ मारत राहा आणि तेलाचा काटा हलला की मगच प्लग लावा. मीटर मुळातच ३० पौंडांपर्यंतचं असतं आणि चालत्या गाडीत १४च्या आसपास दाब दिसणं ठीक आहे. काटा वर यावा म्हणून जाड तेल घालण्याची चूक अनेक जण करतात. तसलं तेल पळीने नीट उडत नाही.

केबिनच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना भोकं पडली आहेत. डेंटरने दोनदा पत्रा मारून पुट्टी भरली. दोन पावसाळेही टिकत नाही. (वाचक, कुडचडे)

गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकला की दोघांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारा खिसा तयार होतो. तिथे गंज आधीपेक्षा जोरात वाढतो. शिवाय तुमचा कोपरा बाहेरून गंजलेला नाही, आतून गंजला आहे. तुमच्या भागातली लाल धूळ फार बारीक असते. ती केबिनच्या दुहेरी पत्र्यात उतरते, तळाला थर बसतो आणि ओला झालेला तो थर पावसाळा सरला तरी आठवडेच्या आठवडे सुकत नाही. कोपऱ्यावर नखाने टिचकी मारून बघा. कोरा पत्रा ठणकतो, पुट्टीचा कोपरा ठप्प वाजतो. लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवलं तर पुट्टी कुठे सुरू होते ती रेघही मिळते.

पत्रा कापण्याआधी गळती शोधा. एक जण टॉर्च घेऊन आत, एक जण बाहेर नळी घेऊन. खालून वर जात प्रत्येक जागी दहा मिनिटं पाणी सोडायचं: आधी दाराचं रबर, मग मागच्या काचेचं रबर, शेवटी छपराची पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच दिसतं आणि काहीच कळत नाही.

मग चकचकीत कोरा पत्रा लागेपर्यंत कापा, आणि त्याच्याही पुढे २० मिमी. तुकडा १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीच्या सीआर शीटचा. तो वर चढवायचा नाही, भोकात बरोबर बसवायचा, कडेने एक मिमी फट ठेवून. सीओटू वेल्डिंगला ०.८ मिमीची तार लावा. २५ मिमी अंतरावर टाके द्या, एक इथे तर पुढचा पलीकडच्या टोकाला. पत्रा हाताला सोसेल इतका गार झाल्याशिवाय पुढचा टाका नको. सलग रेघ ओढली की पत्रा फुगतो आणि तो फुगवटा झाकायला पुन्हा पुट्टीच लागते. पुट्टी २ ते ३ मिमीपेक्षा जाड नको. ग्राइंडिंगनंतर आतल्या बाजूला लांब नळीच्या स्प्रेने पोकळीत मारायचं वॅक्स फवारा आणि सगळ्यात खालच्या जागी ८ मिमीचं भोक ठेवा. गाडी मुळात पाणी निथळेल अशी भोकं ठेवूनच बनवलेली असते. ती पुट्टीने बुजवली जातात, हाच बहुतेक कोपऱ्यांचा इतिहास आहे.

खालून जळकं ऑईल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ते एका पावसात धुऊन जातं, शॅकलची (कमानपट्ट्यांच्या जोडांची) आणि ब्रेकची रबरं फुगवतं आणि विहिरीच्या पाण्यात उतरतं. वॅक्स महाग पडतं, तरी वॅक्सच मारा.

बॉडीचं काम संपलं आहे. रेड ऑक्साइड मारून ठेवलं आहे. चतुर्थीला गाडी रंगवून दारात उभी करायची घरच्यांची इच्छा आहे. (वाचक, पेडणे)

चतुर्थीपर्यंत ब्रेक, वायरिंग, सीट पूर्ण करा. रंग दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) निदान ३ अंश वर असलं तरच रंग धरतो. पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तर दवबिंदू २५च्या थोडा वर येतो, म्हणजे दोन अंशही मोकळे उरत नाहीत. डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो आणि वर्षभरात बारीक फोड येतात. जानेवारीत ३० अंश आणि ६० टक्के असताना आठेक अंशांचं अंतर मिळतं.

रेड ऑक्साइड मात्र आताच काढा. ते सच्छिद्र असतं, पाणी त्यातून पत्र्यापर्यंत पोचतं. पावसाळाभर नुसत्या रेड ऑक्साइडवर ठेवलेला पत्रा खालून गंजलेला निघतो. कोरड्या उघडिपीचा एखादा दिवस गाठून कोऱ्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. घासणं आणि पहिला हात यांत चार तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. बॉनेट आणि दारं सँडब्लास्टिंगला देऊ नका, मोठा सपाट पत्रा त्याने वाकतो. चॅसी आणि चाकांना ब्लास्टिंग उत्तम.

१९५२ची शेव्हरोले पिकअप. पेट्रोल भरलं की केबिनमध्ये वास येतो. नव्या पेट्रोलमुळे असेल का? (वाचक, म्हापसा)

तुमच्या गाडीची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे आहे. त्यामुळे हा प्रश्न आधी सुरक्षिततेचा आहे: कारण सापडेपर्यंत गाडीत सिगरेट नाही आणि टाकीजवळ वायरिंगचं काम नाही.

वास येण्याच्या जागा तीन. फिलरच्या नळीचा रबरी तुकडा, टाकीवरच्या मीटर युनिटखालचं बुचाचं गॅस्केट, आणि टाकीच्या तळाचा जोड. नुसतं पूर्ण टाकी भरल्यावरच वास येत असेल तर पहिल्या दोहोंपैकी एक. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर आणि बूच दोन्ही खराब करतं. गॅस्केट आणि नळ्या व्हायटन रबराच्या घ्या. एसी पंपाचा (इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा) पडदाही इथेनॉल सोसणारा बसवा. तो फाटला तर पेट्रोल थेट सम्पमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला आणि तेलाची पातळी वाढलेली दिसली तर इंजिन चालूच करू नका.

२० टक्के इथेनॉलला त्याच हवेमागे सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. गाडी चढाला दम टाकत असेल आणि प्लग पांढरे दिसत असतील तर मेन जेटचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मुख्य भोकाचा) व्यास सुमारे ४ टक्के वाढवा, १.४० मिमीचा १.४६. आधी प्लग बघा, मग जेटला हात लावा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून, टाकीत शंभर मिली इंजिन ऑईल फिरवून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं.

टाकीला वेल्डिंग लागलंच तर ती उतरवून, अनेकदा धुऊन, पाण्याने जवळजवळ पूर्ण भरूनच. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

जीपवर बांधलेली जुनी पिकअप, हरिकेन पेट्रोल इंजिन. हेड गॅस्केट दोनदा बदललं, चारशे किलोमीटरच्या आत पुन्हा फुटतं. हेड सपाट करून घेतलं आहे. (वाचक, फोंडा)

कार्ब्युरेटर काढून त्याच्या खालच्या भोकात बघा. या इंजिनात इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे आणि हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली त्या मार्गात दडलेला आहे. हेड उतरवताना तो काढावाच लागतो, बसवताना आवळलाही जातो. चूक पुढे होते: इंजिन तापून निवल्यावर आणि पुन्हा तीनेकशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळतात, तेव्हा वर कार्ब्युरेटर असल्यामुळे नेमका हाच राहतो. गॅस्केट तिथेच सैल पडतं.

टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) ६० ते ७० फूट-पौंड, म्हणजे साधारण ८० ते ९५ न्यूटन-मीटर. मधून सुरुवात करून बाहेर जात, तीन टप्प्यांत. बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साठलं असेल तर पाना टॉर्क दाखवतो पण बोल्ट बसलेला नसतो, म्हणून भोकं आधी हवेने साफ करा.

पुन्हा आवळल्यावर व्हॉल्व्हची फटही बदलते. थंड इंजिनावर इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. इनटेक वर हेडमध्ये आहेत, एक्झॉस्ट ब्लॉकच्या बाजूला झाकणाखाली. वरचे चार दिसतात म्हणून तेवढेच सेट होतात आणि एक्झॉस्ट जळतात. बोल्ट आवळताना इंची पानेच वापरा. अर्ध्या इंचाच्या नटावर १३चा पाना बसतो खरा, पण पक्का नाही, आणि कोपरे झिजवतो.

६ व्होल्टची गाडी. सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो. १२ व्होल्ट करून टाकू का? (वाचक, वास्को)

आधी केबल बघा. दुकानात मिळणाऱ्या बॅटरी केबल १२ व्होल्टच्या असतात. त्याच ताकदीला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून निदान ५० चौरस मिमीची केबल हवी. सेल्फ मारताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं सेल्फच्या नटावर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलचा किंवा जोडाचा. मग बॅटरीच्या अर्थच्या (गाडीच्या अंगाला जोडलेल्या) खांबापासून इंजिनाच्या अंगापर्यंत तेच करा, तिथे ०.२च्या वर नको. वास्कोच्या हवेत अर्थचे जोड हिरवे पडतात. रंग खरवडून, घट्ट आवळून, वर ग्रीस लावा. बहुतेक गाड्या एवढ्यावर ६ व्होल्टवरच खणखणीत सुरू होतात, आणि गाडी मूळ रूपात राहते ते वेगळंच.

बॅटरी लावण्याआधी अर्थ कुठला ते तपासा. त्या काळातल्या ६ व्होल्टच्या शेव्हरोलेत निगेटिव्ह अर्थ असतो, फोर्ड आणि डॉजमध्ये पॉझिटिव्ह.

ब्रेक दाबून सोडला की पुढचं एक चाक धरून राहतं. ड्रम तापतो. शू, स्प्रिंग सगळं नवीन आहे. (वाचक, सावर्डे)

एकच चाक असेल तर रबरी होज. बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून भोक सुईएवढं झालेलं असतं. तुमच्या पायाचा जोर तेल ढकलतो, स्प्रिंगचा जोर ते परत आणू शकत नाही. खात्रीसाठी: चाक धरलेलं असताना व्हील सिलिंडरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) सोडा. तेल उडून चाक सुटलं तर तेल अडकत होतं, म्हणजे होज बदला. सुटलं नाही तर व्हील सिलिंडरचा पिस्टन जाम आहे. सिलिंडरला खड्डे पडले असतील तर होनिंग (आतून घासणं) करत बसू नका, पितळी किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह घाला.

पुढेमागे चारही चाकं धरत असतील तर पेडलला १० ते १५ मिमी मोकळी चाल आहे का बघा. नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. लोखंडी ब्रेक पाइप खाऱ्या हवेत आतबाहेर गंजतात. नवीन घालताना तांबं-निकेल मिश्रणाचा ३/१६ इंची पाइप घ्या, टोकांना डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेली पसरट कड). साधा तांब्याचा पाइप हादऱ्यांनी कडक होऊन चिरतो. डॉट ३ तेल दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला, ते हवेतला ओलावा ओढतं. जुन्या लायनिंगची भुकटी हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. पाण्याने धुवा. या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं, एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून हे काम उरकल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

व्हिंटेज नोंदणी कशी होते? आमच्या गाडीला जुना जीडीने सुरू होणारा नंबर आहे आणि मध्ये कधीतरी डिझेल इंजिन बसवलं गेलं. (वाचक, मडगाव)

१५ जुलै २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, त्यामुळे तुमचं डिझेल इंजिन आड येईल. मूळ पेट्रोल इंजिन घरात कुठे पडलं असेल तर भंगारात देऊ नका. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुनर्नोंदणी ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. पिकअपच्या बाबतीत आरसी बुकात वर्ग मालवाहू लिहिला आहे की खासगी, ते आधी बघा आणि खर्चात पडण्यापूर्वी आरटीओकडून लेखी विचारून घ्या. चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढून ठेवा आणि ब्लास्टिंगच्या वेळी त्या जागेवर जाड टेप लावा. एकदा नंबर पुसला की कागद असूनही उपयोग नाही.

शेव्हरोले ३१००च्या हौद्याच्या फळ्या कुजल्या. कुठलं लाकूड घालू? (वाचक, वाळपई)

३१००चा हौदा ७८ इंच लांब, ५० इंच रुंद, फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या. सागवान घ्या, गाभ्याचं. कडेचा पांढरा भाग चालणार नाही, तो आधी कुजतो. जाडी २० मिमी, ओलावा १४ टक्क्यांच्या आत. एप्रिलमध्ये फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या तर जुलैमध्ये त्या फुगून पट्ट्याच उचलतात. म्हणून पट्टीखाली प्रत्येक जोडात ३ ते ४ मिमी फट ठेवा आणि पट्टीच्या बोल्टची भोकं आडवी लांबट पाडा. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर. साध्या लोखंडाने सागवानावर काळे डाग पडतात.

फळीचं पाणी पृष्ठभागातून नाही, टोकातून शिरतं. दोन्ही टोकांना इपॉक्सीचे दोन हात द्या. खालच्या बाजूलाही वरच्याइतकंच तेल पाजा, नाहीतर फळी वाटीसारखी वळते. व्हार्निश नको: पहिल्या ओरखड्यातून पाणी त्याच्याखाली जातं आणि बाहेर येत नाही. उकळलेलं जवसाचं तेल पातळ करून तीन हात, आणि दरवर्षी मृग लागायच्या आधी एक हात. तेलाचं फडकं गोळा करून शेडमध्ये टाकू नका. ते आपोआप पेट घेतं. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.